मांडीवरची चुंबळ

"तुझी केंकी माझ्या गाडीत चढणार नाही म्हणजे नाही!" ड्रायव्हर एबोनं मँकेसिमच्या गाडीतळावर सगळ्यांदेखत आराबाला सुनावलं. आदल्या दिवशी, रविवारी, मयतानंतरच्या, पांढरं नेसून करायच्या आभार-प्रार्थनेला निघालेल्या एका बाईच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर आराबाच्या केंकीबरोबरची चटणी, शितो, सांडली होती. काळा, तेलकट, तिखट शितो. त्याचा डाग काही निघत नाही. आराबा केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, माशाबरोबर गाडीतल्या उतारूंना विकायची; गाड्या बंद म्हणजे तिचा धंदाच बंद.

खरं तर दोष मेल्या रस्त्याचा. खायचं उजव्या हातानं, डावा अन्नाला लावायचा नाही. मग डाव्यानं वाडगं सांभाळायचं की समोरचा दांडा? आराबानं सुताराकडून पुढच्या सीटच्या पाठीला अडकवायचा पाट करून घेतला, एबोच्या हातापाया पडून एकदा लावूनही पाहिला. पहिल्याच गचक्याला पुढचा माणूस मागे रेलला आणि मासा थेट मागच्याच्या कुशीत. तळावर आठवडाभर तोच विनोद.

त्यानंतरच्या रविवारी मन्सा आजी आली, दिराच्या आभार-प्रार्थनेला निघालेली, नखशिखांत पांढऱ्यात. "केंकी खाल्ल्याशिवाय मी हलत नाही," म्हणाली.

"आजी, डाग पडला तर?"

"पडला तर पडला! मेलाय तो माझा दीर, तुझा नव्हे."

एबो आराबावर उखडला. "एक थेंब जरी सांडला ना, तर उद्यापासून तळावर दिसायचं नाही."

"आणि नाही सांडला तर?"

"तर आण रोज!"

आराबाही गाडीत चढली. डोक्यावरचं पातेलं उतरवलं आणि तिचा हात चुंबळीवर थबकला. एवढं जड पातेलं रोज हिच्यावर तसूभर हलत नाही, आणि आपण गेलो सुताराकडे! तिला स्वतःचंच हसू आलं. आजीच्या मांडीवर चुंबळ, चुंबळीत वाडगं. उजवा हात केंकीत, डावा दांड्यावर.

खड्डे गेले. मग एक शेळी आडवी आली आणि एबोनं करकचून ब्रेक मारला. सगळी गाडी आजीच्या मांडीकडे बघत होती. वाडगं जरासं डुललं आणि पुन्हा बसलं.

"मासा झकास झालाय गं," आजी म्हणाली, आणि गाडीत हशा पिकला.

उतरल्यावर एबोनं आजीला पुढून-मागून न्याहाळलं. कुठे ठिपकासुद्धा नाही. "बरं, बरं," तो गुरगुरला. "मलाही दे एक."

उभ्याउभ्याच त्यानं मोठा घास घेतला, आणि शितोचा काळा ओघळ त्याच्या रविवारच्या शर्टावरून सुसाट खाली निघाला.

मन्सा आजीनं चुंबळ उचलून त्याच्यापुढे धरली.

"बस बाबा आधी," ती म्हणाली.