एका इंचाची चूक

मी शिंप्याची टेप. आकडा दाखवावा आणि गप्प राहावे, एवढ्यासाठीच मला घडवले. तरी आज बोलते, कारण माझ्यामुळे एक मुलगी उपाशी राहिली.

बारा वर्षे मी मालकांच्या गळ्यात होते. रोजच्या ओढाताणीत मी ताणले गेले. माझ्या खुणा एकमेकींपासून दूर सरकल्या. अठ्ठावीस इंचांची कंबर मी सत्तावीस दाखवू लागले. मालक अंगाचे माप मला लावून घेत, कापड मात्र लोखंडी पट्टीने बेतत. कपडे घट्ट होऊ लागले.

शेजारच्या इमारतीतील मुलीचा नवा ड्रेस असाच कमरेत अडकला. मालकांनी चूक शोधली नाही, जीभ चालवली.

"ताई, हात तोच, माप तेच. घरचं जेवण अंगी लागलंय, दुसरं काय!"

आई हसली. मुलगी आरशात पाहत राहिली.

महिन्याने आई एकटीच आली. "काका, आता हा ड्रेस आत घ्या. पोरगी धड जेवत नाही. 'अंगी लागतं' म्हणते नि ताट सरकवते. काल जिन्यात चक्कर येऊन पडली."

मालकांनी ड्रेसची कंबर मोजली. वहीत सत्तावीस होते. मी सव्वीस दाखवले. त्यांनी मला लोखंडी पट्टीशेजारी ठेवले. माझी सत्तावीसची खूण पट्टीच्या अठ्ठावीसवर पडली.

मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "टेप खराब झाली म्हणा. खोटं थोडंच आहे?"

"टेप कुठे बोलली? बोललो मी."

मला आणि लोखंडी पट्टीला घेऊन मालक तडक त्या मुलीच्या घरी गेले. मुलीपुढे आम्हाला शेजारी शेजारी ठेवले.

"बाळ, तू वाढली नव्हतीस. माझं माप चुकलं होतं, आणि ते मी तुझ्या माथी मारलं."

"तेव्हाच का नाही तपासलंत?"

"बोलून भागत होतं ना."

तिने त्यांना क्षमा केली नाही. आईने ताट पुढे केले, त्यातले चार घास मात्र तिने खाल्ले. चौथा घास संपेपर्यंत मालक दारातच उभे होते.

आता मी दुकानातील आरशाशेजारी खिळ्यावर असते. माझा दोष मी नाकारत नाही. कपडा घट्ट झाल्याची तक्रार आली की मालक बोलण्याआधी माझ्याकडे पाहतात, आणि मुकाट्याने नवी टेप पट्टीला लावून बघतात.

परमेश्वराने मला जीभ दिली नाही, ही त्याची कृपा. ज्यांना दिली, त्यांनी ती उचलण्यापूर्वी आपले माप तपासावे, एवढीच त्याच्या चरणी माझी प्रार्थना.