मी पिस्ता रंगाचा नमुना

मी रंगाचा नमुना बोलतोय. तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा आणि त्यावर भट्टीत भाजलेला पिस्ता रंग, एवढाच माझा देह. फ्रीज बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तुमच्या ओळखीत कुणाकडे पिस्ता रंगाचा जुना फ्रीज असेल, तर तो माझा नातलग समजा. तो मला ओळखणार नाही. आमची गाठ कधी पडलीच नाही.

मला घडवलं मावशींनी. त्या रंगखात्यात रंग मिसळायच्या, आणि मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. मालकांना नवा रंग हवा होता. ते म्हणाले होते, "बघून गार वाटलं पाहिजे, पण दवाखान्यात आल्यासारखं वाटता कामा नये." आता असा रंग आणायचा कुठून! मावशींनी पांढऱ्यात पिवळा घातला, हिरवा घातला, काळ्याचा ठिपका टाकला, निळ्याचं नुसतं बोट लावलं. पत्रे फवारले, भाजले आणि नाक मुरडून भंगारात टाकले. एक मटारासारखा झाला, एक शेवाळासारखा. शेवटी मी भट्टीतून बाहेर आलो. त्यांनी मला खिडकीशी नेलं, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आलास बाबा एकदाचा!"

मला वाटलं, आता आपल्याला मिरवतील. दर्शनी भिंतीवर टांगतील. पण मला काळ्या कागदाच्या पाकिटात घालून लोखंडी खणात ठेवलं. उजेडानं रंग उडतो, म्हणून नमुन्यानं अंधारातच राहायचं. गंमत बघा, ज्याच्याकडे पाहून सगळ्यांनी रंगायचं, त्यालाच कुणी पाहायचं नाही.

नवा रंग ढवळून झाला की मला बाहेर काढत. दिव्याखाली एक ताजा रंगवलेला पत्रा माझ्या शेजारी ठेवत. तेवढ्यापुरती मला सोबत. अजून भट्टीची ऊब अंगात असलेला तो पत्रा माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. "जुळला," असं कुणीतरी म्हणायचं आणि आमची ताटातूट व्हायची. मी पुन्हा पाकिटात. खणाबाहेर लोक हसायचे, भांडायचे, डबे उघडायचे. मी आवाजावरूनच दिवस ओळखायचो.

पुढे मावशींची लेक तपासणीला लागली. मुलगी मोठी नेकीची. घरी आई असली तरी कारखान्यात ती त्यांना मावशीच म्हणायची. सगळे हसायचे, पण ती म्हणायची, "कामावर नातं आणलं की हात थरथरतो." दुपारी मात्र दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. लेकीला कडेचं भाजलेलं आवडायचं, ते आई तिच्याकडे सरकवायची. त्या खणाशेजारीच बसत, म्हणून मला ठाऊक.

मग मावशी मला न्याहाळायला जास्त वेळ लावू लागल्या. चष्मा पुसायच्या, पुन्हा लावायच्या. मला खिडकीशी न्यायच्या, परत दिव्याखाली आणायच्या. "हल्लीचे दिवेच मंद," असं पुटपुटायच्या. दिवा तोच होता.

एके दिवशी लेकीनं ताजा पत्रा माझ्याशेजारी ठेवला आणि ती थबकली.

"मावशी, जरा बघता? निळा जास्त झालाय."

"कुठं? तंतोतंत आहे."

"आपला पिस्ता उबदार आहे. हा थंडीनं काकडल्यासारखा दिसतोय."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून हा रंग ढवळतेय मी."

लेकीनं पत्रा खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "आई, तुला नीट दिसत नाहीये गं. डोळे दाखवून येऊ या."

मावशींचा चेहरा दगडासारखा झाला. "इथं आई म्हणायचं नाही असं तूच ठरवलंस ना?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पोर खरं बोलतेय. माझ्याइतकं कुणाला कळणार? पण पत्र्याला तोंड कुठलं! सुपरवायझर आला, त्यानं दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी म्हणतात ना, मग झालं." रंग पास झाला. त्या रंगात फ्रीजची दारं रंगवली गेली. दारामागची लोखंडी खोकी आधीच्या, बरोबर रंगात रंगून तयार होती.

काही दिवसांनी मला घाईघाईनं बाहेर काढलं आणि थेट जोडणीच्या हॉलमध्ये नेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा फ्रीज पाहिला. माझाच रंग, पण माणसाच्या खांद्याएवढा उंच, गोल कोपऱ्यांचा, चकाकणारा! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आणि मग दार दिसलं. अंग एका रंगाचं, दार दुसऱ्याच. रांगच्या रांग तशी उभी. कुणीतरी म्हणालं, "थोरल्याचा सदरा, धाकट्याची विजार!" लोक हसले.

मॅनेजर हसला नाही. "तपासणीला कोण होतं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा लेकीकडे वळल्या. ती घाबरली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी सांगितलं होतं."

एवढंच म्हणाली ती. तीन शब्द. पण मावशी मागेच उभ्या होत्या. त्यांनी एप्रन काढला, घडी घालून बाकावर ठेवला आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. लेक दारापर्यंत धावली. "आई!" म्हणून हाक मारली तिनं, सगळ्यांदेखत. मावशींनी मागं वळून पाहिलं नाही. त्या पुन्हा कामावर आल्याच नाहीत.

रंग ढवळायचं काम लेकीला देऊ केलं, तेव्हा ती म्हणाली, "आईच्या जागेवर मी उभी राहणार नाही." काही दिवसांनी ती दूरच्या शहरात नोकरीला गेल्याचं कानावर आलं. नंतर पिस्ता रंगच बंद झाला. लोकांना पांढरे नि चंदेरी फ्रीज हवे झाले. माझा खण उघडेनासा झाला. शेजारी ताजा पत्रा नाही, डब्यांचा आवाज नाही. अंधाराची मला सवय होती, पण आधी त्यात वाट पाहणं तरी होतं. आता कुणाची वाट पाहायची?

आणि एका दुपारी खण उघडला. स्टोअर सांभाळणारे काका होते, आणि शेजारी मावशी. केस पिकलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांनी चष्मा काढला, मला पाकिटातून बाहेर घेतलं आणि बघतच राहिल्या.

"काका, हा इतका सुंदर होता?"

"तुम्हीच केलेला, मावशी."

"ते दोन रंगांचे फ्रीज कामगारांना देऊन टाकले, तेव्हा मी हट्टानं एक मागवून घेतला होता. म्हटलं, लोकांना दिसत असेल फरक, मला नाही दिसत. इतकी वर्षं रोज ते दार उघडलं. परवा पट्टी काढून घरी आले, पाणी घ्यायला गेले..." त्या थांबल्या. "आंधळ्यालाही दिसेल हो, काका. केवढा निळा!"

"मग सांगा की पोरीला."

"सांगते. हा मी नेऊ का?"

"न्या. त्याला आता कोण विचारतंय?"

असा मी मावशींच्या घरी आलो. माझी जागा त्याच फ्रीजच्या डोक्यावर. दर रविवारी लेकीचा फोन येतो. मावशी मला मांडीवर घेऊन बसतात आणि बोलतात काय? पाऊस, गुडघा, शेजारणीचं मांजर. फोन ठेवला की मला म्हणतात, "पुढच्या रविवारी."

मागच्या रविवारी मात्र मांजराची गोष्ट मध्येच तोडून त्या म्हणाल्या, "ऐक. तो निळाच होता. तू सांगितलं होतंस."

मग लेक रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. ती म्हणाली, "डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?"

"घालते."

"मी येऊ, आई?"

मावशींनी मला पदरानं पुसलं. "ये की सवडीनं. कामं टाकून येऊ नकोस. घाई नाही काही."

तेव्हापासून त्यांनी आतली खोली दोनदा झाडली आहे. उशीला नवा अभ्रा घातला आहे. रस्त्यावर रिक्षा थांबली की हातातलं काम तसंच राहतं.

मी पत्र्याचा तुकडा, फोन करू शकत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला एखाद्या शहरात ती भेटली, रंगाकडे मान तिरकी करून बघणारी, नेकीची, आता जरा पोक्त झालेली, तर तिला एवढं सांगा. आई म्हणाली घाई नाही. तिचं ऐकू नकोस. घाई आहे.