कर्स्टनच्या लग्नाची लॉन

"झेंड्या कशाला पाहिजेत? हे स्प्रिंकलर मी माझ्या हातानं पुरलेत. डोळे मिटून सांगतो कुठला कुठे आहे ते," असं म्हणत व्हर्लिन हॅकबार्थनं पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या खुणेसाठी खोचलेल्या, गवत कापताना आड येणाऱ्या सगळ्या लाल झेंड्या उपटल्या आणि बादलीत टाकल्या.

गवत कापून झालं. मग टणक माती मोकळी व्हावी म्हणून त्यानं जमिनीला भोकं पाडायचं भाड्याचं मशीन सुरू केलं. पहिल्याच फेरीत खालून कडकन आवाज आला. वळताना आणखी एक.

"आता डोळे उघड," पायरीवर बसलेली जनीन म्हणाली. त्याची बायको.

पण व्हर्लिन माघार घेणाऱ्यातला नव्हता. लेकीचं, कर्स्टनचं लग्न जूनमध्ये याच लॉनवर लावायचं, असं त्यानं व्याह्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. लॉन मात्र रस्त्यासारखी टणक, मध्ये मध्ये टक्कल. कर्स्टननं बजावलं होतं, "बाबा, मेपर्यंत गवत आलं नाही, तर मी बोलिंग क्लबचा हॉल घेणार." आपली पोर बोलिंगच्या खडखडाटात बोहल्यावर उभी राहणार, या विचारानं त्यानं मशीनची मूठ आणखी घट्ट धरली.

उतारावर मशीननंच त्याला धरलं. जडच्या जड धूड, ते भोकं पाडत सरळ शेजारच्या रसेलच्या लॉनमध्ये घुसलं. मागून व्हर्लिन फरफटत.

रसेल खुर्चीत बिअर घेऊन बसला होता. त्यानं पाय वर घेतले. "विचारायचं तरी होतंस."

"मी थांबवतोय त्याला."

"हो का? मला वाटलं, शर्यत लावलीय."

रसेलची अख्खी लॉन फिरून झाल्यावरच पेट्रोल संपलं. दोन्हीकडे मातीच्या बोटाएवढ्या कांड्या पडल्या होत्या.

"बदकांचा थवा शिटून गेला वाटतं," जनीन म्हणाली.

"उचलायचं नाही काही. मुरतं ते," व्हर्लिन म्हणाला. त्यानं फुटलेल्या स्प्रिंकलरना चिकटपट्टी गुंडाळली, पोतंभर बी पेरलं आणि पाणी सोडलं. चिकटपट्टी सुटली. नळ सापडून बंद होईपर्यंत सगळं बी उतारावरून वाहत रसेलच्या भोकांत जाऊन बसलं.

मे महिन्यात रसेलकडे गादीसारखं गवत आलं. व्हर्लिनकडे आले चार झुपके.

"रसेलकाका, लग्न तुमच्याकडे लावलं तर?" कर्स्टननं विचारलं.

"लाव की. मशागत तुझ्या बापाचीच आहे."

व्हर्लिन दोन दिवस आपल्या चार झुपक्यांना पाणी घालत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे. पण नवरी माझ्या लॉनवरून चालत जाईल." आणि ती चालेल ती वाट तरी हिरवी दिसावी म्हणून त्यानं पुन्हा बी पेरलं. लग्नाच्या दिवशी सकाळीही त्याला भरपूर पाणी घातलं.

दुपारी बापाचा हात धरून कर्स्टन निघाली. रसेलच्या हद्दीपर्यंत पोचली तेव्हा तिचे दोन्ही बूट चिखलात राहिले होते, आणि व्हर्लिनचा एक.