नसलेली शेळी

समता माझ्या बहिणीची मुलगी. पहिल्या बाळंतपणाला ती डोणगावला माहेरी आली, तेव्हा बहिणीनं, तानाबाईनं, तिला बाजेवरून उतरू दिलं नाही. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, हातात डिंकाचा लाडू. तान्ही महामाया रडली की आजीच उचलायची. सवा महिना झाला, शेगडी विझली, पण समता काही उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. लेकीला पाजायची तेही परक्याचं काम उरकल्यासारखं. एकदा मला म्हणाली, "मावशी, इले कोणाले देऊन टाका. माह्याच्यानं आई होणं होत नाही."

मी समता आणि तानाबाईला मेहकरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाळंतपणानंतर हे होतं, हा आजार आहे, नखरे नाहीत, असं त्यांनी तानाबाईला समजावलं. समतानं मध्येमध्ये येऊन भेटायचं, गरज पडली तर औषध देऊ, आणि रोज भरभर चालायचं. तानाबाईला गोळी पटली असती. चालणं पटेना. बाळंतीण रस्त्यानं फिरली तर लोक म्हणतील, आईनं घराबाहेर काढली.

तिचंही खरंच होतं. आमच्या गावात बिनाकामाचं दोघंच चालतात, पुढारी आणि मोकाट गोऱ्हा.

तरी दुसऱ्या दिवशी बाळ आजीकडे ठेवून मी समताला ओढत बाहेर काढलं. खालच्या गल्लीत विमलबाई तूर पाखडत बसल्या होत्या. कुठी चालल्या वो, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, शेळी हरवली. माझ्या घरी शिलाई मशीन आहे. शेळी कधीच नव्हती.

मग ती रोज हरवायला लागली. समता सुरुवातीला चपला फरफटत माझ्या मागं यायची, पुढं पुढं सोबत चालू लागली. बोलायची नाही. पण गावानं शेळी मनावर घेतली. शेजारच्या मोतीरामनं रंग विचारला, तर मी म्हटलं काळी आणि त्याच घटकेला समता म्हणाली पांढरी. सांभाळून घेत मी म्हटलं, काळी-पांढरी आहे.

दोन दिवसांनी शेताकडं जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी मोतीराम दोर धरून उभा. दोराला काळी-पांढरी शेळी. लय दुरून आणली म्हणाला. मी आभार मानणार, तोच मागून शेळीची खरी मालकीण शिव्यांचा पट्टा सोडत आली. मोतीराम माझ्याकडे बघतोय, मी शेळीकडे.

समता हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता बांधावर बसली आणि रडायला लागली. मी शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि आपणहून उठून घराकडे वळली.

परतताना विमलबाईंनी विचारलंच, सापडली का? मी उत्तर जुळवत होते. समता थांबली.

"शेळी नव्हतीच, काकू. पोरगी झाल्यापासून माह्या जीवाले बरं नाही. काहीच गोड लागत नाही. डॉक्टरनं चालायले सांगितलं."

संध्याकाळपर्यंत हे चावडीपर्यंत जाणार. विमलबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माही पुष्पांजली झाली त्या वक्ताले मीबी अशीच पडून राहत होती," त्या हळू म्हणाल्या. "लोकं मले सांगत, बाहेरचं लागलं. उदी लावली, लिंबू उतरवलं. चाल, असं कोणीच म्हणलं नाही." मग सूप उचलून म्हणाल्या, "उद्या मले आवाज देजो."

सगळं एकदम बरं झालं असं नाही. काही सकाळी समता अजूनही पांघरूण सोडत नाही. त्या दिवशी विमलबाई दारात येऊन बसतात आणि उठेपर्यंत आपल्या सुनेच्या तक्रारी सांगतात. ते ऐकण्यापेक्षा चालणं परवडतं.

काल आम्ही निघालो तेव्हा महामाया कुरकुरत होती. तानाबाई सवयीनं हात पुढं करून आली.

"राहू दे, आई," समता पदराची झोळी सारखी करत म्हणाली. "माह्याजोळ चालता चालता झोपते ते."