आत्याच्या टेबलाचा डावा कोपरा

"ताई, हे तिसरं," असं म्हणून शोरूमवाल्या काकांनी घड्याळ काउंटरच्या काचेवर ठेवलं, तेव्हा मी आत्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून वायरी सोलत होते. "दिवसाला सहा मिनिटं पुढे पळतंय. गिऱ्हाईक माझ्या अंगावर येतं हो. अजून एक परत आलं तर दुरुस्तीचं काम मी दुसरीकडे देईन. राग मानू नका."

"तुमच्याकडे चुंबकाजवळ राहिलं असेल," आत्या म्हणाली.

"लाकडी फळीवर असतं. चुंबक कुठून आणू मी?"

ते गेले. आत्याने घड्याळाजवळ तिचं नखाएवढं होकायंत्र धरलं. काटा थरथरला. म्हणजे घड्याळात चुंबक शिरलंच होतं. चावीच्या घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तिच्यात चुंबक शिरलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट सुटतं. हे आत्याला माहीत नाही असं थोडंच आहे! चुंबक उतरवायची निळी डबी तिच्याकडे आहे. प्रत्येक घड्याळ ती त्या डबीवरून फिरवते, होकायंत्र धरून बघते, काटा गप्प बसला तरच घड्याळ बाहेर जातं. आणि तरी तीन परत!

संध्याकाळी घरी बाबा म्हणाले, "ताई, तीस वर्षं झाली. हात थकतात. आता पुरे कर की."

आत्याने दोन्ही हात पुढे धरले. नुसती बोटांकडे बघत बसली. माझी आत्या आणि उलट उत्तर नाही!

आता माझ्याबद्दल. गेल्या महिन्यात मी शाळेच्या विज्ञान मंडळात पत्त्यांच्या जोडाएवढ्या कॉम्प्युटरवरून एक दिवा लुकलुकवला. तोवर मी वर्गात हात वर करणाऱ्यांतली नव्हते. त्यानंतर मला आवरणं अवघड झालंय, असं आई म्हणते. तर त्या कॉम्प्युटरला मी चुंबक ओळखणारा सेन्सर जोडत होते. होकायंत्राचाच भाऊ, पण हा काटा हलवत नाही, आकडा सांगतो. आणि मुख्य म्हणजे दिवसभर न कंटाळता सांगतो.

"आत्या, तुझ्या दुकानात कुठेतरी चुंबक लपलंय. मी शोधते."

"सगळ्या टेबलावर होकायंत्र फिरवून झालंय गं, वटवटे."

"तू एकदा फिरवलंस. हा सेकंदाला एकदा बघेल."

तिने भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "बरं. पण माझे स्क्रू उडवलेस तर बघ."

सेन्सरला चार वायरी. एक विजेची, एक वीज परत जायची, आणि दोन कॉम्प्युटरशी बोलायच्या. विजेची मी तीन पूर्णांक तीन व्होल्टच्या पिनला लावली, पाचच्या नाही. तेवढी अक्कल आहे मला. सेन्सर सापडला का, असं कॉम्प्युटरला विचारलं. पडद्यावर नुसत्या रेघांचा तक्ता. बोलायच्या दोन वायरी मी उलट्या लावल्या होत्या! अदलाबदल केली, तर रेघांमध्ये सेन्सरचा पत्ता, म्हणजे त्याचा क्रमांक, उगवला. मी स्टुलावरून उडीच मारली.

"स्क्रू!" आत्या ओरडली.

पण प्रोग्रॅम चालवला, तर तो चूक दाखवून बंद. पुन्हा तेच. नमुन्याचा प्रोग्रॅम मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता. अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी आत्याच उठली, भिंग डोळ्यावर ओढलं आणि सेन्सरच्या तिळाएवढ्या काळ्या चिपवर वाकली.

"यावर डीए लिहिलंय. तुझ्या वहीतल्या चित्रात काय आहे?"

मी वही बघितली. "एल."

"मग हा तो नव्हेच. दिसायला सारखा, आतून वेगळा. घड्याळांत हे रोजचंच आहे."

खरंच की! माझा प्रोग्रॅम भलत्याच पत्त्यावर हाका मारत होता, आणि हे महाशय शेजारच्या घरात निवांत बसलेले. पत्ता बदलला, या चिपच्या सूचना शोधून घातल्या, आणि आकडे धडाधड खाली धावायला लागले. आत्याने चिमटा जवळ नेला, आकडा किंचित हलला. लांब नेला, जागेवर आला. तिने हे सात वेळा केलं. मी मोजलं.

सेन्सर टेबलावर चिकटपट्टीने चिकटवून आणि आकडे वेळेसकट फाईलमध्ये लिहायला लावून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पळतच दुकानात आले. फाईलमधल्या आकड्यांचा आलेख काढला. सरळ रेघ, आणि तिच्यावर तीन टेंगळं. सव्वादहा, दीड आणि पावणेतीन.

आत्याने मान तिरकी केली. "सव्वादहाला मी आले. दीडला जेवायला गेले. पावणेतीनला परत आले."

"आत्या! तूच चुंबक आहेस!"

"गप गं."

"खरंच! बाहेर जा आणि रोजच्यासारखी आत ये. अगदी रोजच्यासारखी."

ती कुरकुरत बाहेर गेली, आत आली, बॅग टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली. आकडा दोनशेवरून थेट तीन हजारांवर! मग तिने रोजच्या सवयीने बॅग दारामागच्या खुंटीला अडकवली आणि आकडा पुन्हा गप्प. म्हणजे आत्या टेबलावर होकायंत्र फिरवायची, तेव्हा बॅग कायम खुंटीवर. आणि तयार घड्याळं शोरूमला जायची ती याच बॅगेतून.

"किल्ल्यांचं असेल," आत्या म्हणाली.

आम्ही बॅग रिकामी केली. किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल. रिकामी बॅग सेन्सरजवळ धरली, तरी तीन हजार. मी ती हळूहळू फिरवली. झाकणाजवळ आकडा सगळ्यात मोठा.

झाकणावरचं बटण. टक् करून आपोआप बंद होणारं, म्हणजे चुंबकाचं. बॅगेची चेन तुटली होती म्हणून दोन महिन्यांपूर्वी आत्याच्या वाढदिवसाला मीच ते शिवून दिलं होतं. त्या टक्‌चा मला केवढा अभिमान!

आत्या अजून किल्ल्याच उलटसुलट करत होती. तिला कळलं नव्हतं. माझे कान तापले.

"आत्या, ते बटण आहे. मी लावलेलं."

तिने होकायंत्र बटणाजवळ नेलं. काटा गरकन फिरला.

"म्हणजे माझे हात—"

"तुझे हात एकदम ठणठणीत आहेत. माझंच चुकलं."

ती परत बोटांकडे बघायला लागली. पण आज बघणं निराळं होतं. मग इतकी हसली की भिंग कपाळावरून घसरलं.

"दोन महिने मी रोज टक् टक् करत हिंडतेय, आणि दोष देतेय त्या शोरूमवाल्याला! धर कात्री. तू लावलंस, तूच काढ. आणि उद्या माझ्याबरोबर चल. त्यांना हे तू सांगायचंस."

मी सांगितलं. आलेख दाखवून, न अडखळता. काका म्हणाले, "बघू. आठ दिवस फळीवर ठेवतो." चुंबक उतरवलेलं ते तिसरं घड्याळ या वेळी बॅगेऐवजी माझ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून गेलं होतं.

नवव्या दिवशी ते स्वतः दारात उभे. "ताई, आठ दिवसांत मिनिटभरसुद्धा इकडचं तिकडे नाही. आणखी पाच आणलीत," असं म्हणत त्यांनी खांद्यावरची बॅग काउंटरवर ठेवायला पुढे केली.

"थांबा!" आत्या म्हणाली. "वटवटे, बघ गं."

मी सेन्सर लांब वायरीसकट त्यांच्या बॅगेभोवती फिरवला. काका हात वर करून उभे राहिले. आकडा दोनशेच्या आसपासच राहिला.

"ठेवा आता," आत्याने भिंग डोळ्यावर ओढलं. "डाव्या कोपऱ्यात."