खंडूची सातवी तिरडी

फुटबॉलचे नियम आमच्याकडं फारसे कुणाला ठाऊक नव्हते. शत्रू कोण, एवढं मात्र पाठ होतं. दर हिवाळ्यात इंजिन कंपनी आणि औषध कंपनी फायनलला भिडायच्या. जिंकणाऱ्यांच्या पाठीराख्यांनी हरणाऱ्या पाठीराख्यांच्या म्होरक्याची खोटी तिरडी काढायची, असा रिवाज. पेंढ्याचा बाहुला, पुढं मडकं, मागं ऊर बडवणारे मिशाळ बाप्ये.

इंजिनवाल्यांचा म्होरक्या मोशीचा खंडू, औषधवाल्यांचा पिंपळे गुरवचा धोंडीबा. इंजिनवाले सहा वर्षं लागोपाठ हरले, त्यामुळं धोंडीबानं खंडूला सहादा पोचवलं. बाहुला वाटेत गडगडावा म्हणून गाठी मुद्दाम सैल बांधायचा. खंडू स्वतः आडवा येऊन चुका काढायचा आणि त्याची बायको सोजरबाई दारात पदर तोंडाला लावून हसायची.

सातव्या वर्षी धोंडीबानं निकालाचीही वाट पाहिली नाही. तिरडी आधीच बांधून गोलच्या मागं ठेवली.

साहेबांना अभ्रे घातलेल्या खुर्च्या होत्या. कामगारांना यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांची गॅलरी. फळ्यांवर ‘जपून हाताळा’ असा इंग्रजी शिक्का अजून होता, तो यंत्रांसाठी. इंजिनवाल्यांनी पहिला गोल केला, त्यांचे पाठीराखे एकदम नाचले आणि त्यांच्या बाजूची गॅलरी मोडून खाली बसली.

समोरच्या बाजूचे औषधवाले मैदान तुडवत धावले. ज्यांना तासभर शिव्या घातल्या, त्यांना फळ्यांखालून उपसून काढू लागले. खंडू निघाला तेव्हा धुगधुगी होती. स्ट्रेचर नव्हतं. धोंडीबानं बाहुला फेकला, खंडूला त्या तिरडीवर घातलं आणि चौघं दवाखान्याकडं पळत सुटले. खंडू रस्त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे साहेब लोक मोशीला आले. एकानं मैदान दुसऱ्याचं असल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं गॅलरी पहिल्याची. दोन मिनिटांची शांतता मिनिटभरात उरकली. त्यांना घेऊन आलेली मोटार पुढं शिफ्टला लागणार होती.

शिफ्ट बुडवून आलेले पन्नासेक औषधवाले मात्र लिंबाखाली उभे राहिले. धोंडीबाला खांदा द्यायचा होता. भावकी आडवी आली. जित्या माणसाला तिरडीवर घातलं, त्याचा हात लागायचा न्हाई, म्हणाली. धोंडीबा मागं फिरला. चपला शोधू लागला.

सोजरबाई बाहेर आली. “भावजी, जाताना ते काय बोलले का?”

धोंडीबा चपला घालता घालता थांबला. “म्हनला, गाठ सैल हाय राव.”

सोजरबाईच्या तोंडाला पदर गेला. हसली की रडली, कुणाला कळलं नाही. मग ती भावकीकडं वळली. “सहा वर्सं ह्यांना कुनी उचललं? तुमी? सरका बाजूला.” आणि धोंडीबाला म्हणाली, “आता तरी नीट बांधा.”

भावकीनं बांधलेली तिरडी धोंडीबानं सगळी सोडली. पहिल्यापासून बांधली, आणि एकेक गाठ दोनदा ओढून पाहिली.