तुमचंच राहिलंय

रेल्वेवाल्यांना फोन:

"बंदरवाले हो म्हणालेत, वीजवाले हो म्हणालेत, बँकेचंही ठरलंय. आता तुमचंच राहिलंय."

वीजवाल्यांना फोन, त्याच दुपारी, त्याच खुर्चीतून:

"रेल्वेचं झालं. बँकेचंही. बंदरवाले तर कधीचे तयार आहेत. आता तुमचंच..."

तेव्हा कोणीच हो म्हटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चौघंही म्हणाले.

असं ते नवं बंदर उभं राहिलं. राहतंय. रेल्वेशिवाय बंदर नको, बंदराशिवाय रूळ टाकायचे कुठे, दोन्हींशिवाय वीज कोणाला द्यायची, आणि तिघांशिवाय बँक दार उघडेना. मध्ये ही एक बाई. चौघांनी मिळून नेमलेली, चौघांपैकी कोणाचीच नसलेली, म्हणून चौघांच्या भरवशाची. सगळे तिला मधल्या बाई म्हणत.

आता समुद्रात खांब आहेत.

इथे तिच्या घराचं वर्णन यायला हवं. बांधलेली खोकी, एक गादी, एक कप. नवरा आणि सात वर्षांची मुलगी कधीचे दुसऱ्या शहरात. मुलगी हिला रविवारची आई म्हणते, आणि रविवारीसुद्धा हिचा फोन वाजतोच. शाळा सुरू व्हायच्या आत कायमची येते, असं तिने लेकीला सांगितलंय. या वेळी खरं.

फक्त चौघांनी सोडायला हवं. चौघांच्या होकाराशिवाय मधल्या बाईंना जाता येणार नाही, ही अट तिनेच घालून घेतली होती. तेव्हा मानाची वाटली होती.

रेल्वेवाल्यांना फोन:

"बाकीच्यांनी सोडलंय मला. तुमचंच राहिलंय."

चार फोन, चार हो. हात बसलेला होता.

पण रेल्वेचे साहेब हौशी. "निरोप काय फोनवर द्यायचा? सगळे जमू. केक मी आणतो." इतक्या वर्षांत ते चौघं एका खोलीत कधी बसले नव्हते. तिने बसू दिलं नव्हतं.

"कमाल आहे तुमची," बंदराचे कप्तान रेल्वेच्या साहेबांना म्हणाले. "बाईंना सोडलंत?"

"मी कुठे? तुम्ही सोडलंत म्हणून मी."

"मी तर बँकेच्या भरवशावर."

बँकेच्या मॅडमचा सुरीचा हात केकमध्येच थांबला. "मला वीजवाले म्हणाले. म्हणजे... बाई म्हणाल्या, की वीजवाले म्हणाले."

विजेच्या इंजिनिअरांच्या तोंडात घास होता. ते नुसतेच मान हलवत राहिले. नाही, नाही.

खिडकीतून खांब दिसत होते. चौघंही तिकडे बघायला लागले.

विचारा, तिला वाटलं. विचारा, की मग बंदराच्या वेळी पहिला हो कोणाचा होता? हाकलून देतील. हाकललेल्या माणसाला कोणाचा होकार लागत नाही.

कोणी विचारेना. मग तीच म्हणाली, "बंदराच्या वेळीसुद्धा मी असंच..."

"बाई, केक घ्या," कप्तान म्हणाले.

"नाही, ऐका ना, तेव्हा खरं तर कोणीच..."

"घ्या हो, चांगला आहे," रेल्वेचे साहेब घाईघाईने म्हणाले. "आणि जाण्याचं काय एवढं! बघू पुढे. काय?"

"बघू," मॅडम.

"बघू," कप्तान.

इंजिनिअरांनी घास गिळला. "बघू."

या प्रकल्पात पहिल्यांदाच खरोखर एकमत झालं.

निघताना मॅडमनी तिचं कोपर धरलं. हळूच म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर आम्हाला एकमेकांना विचारावं लागेल हो."

खोली रिकामी झाली. फोन वाजला.

"आई, निघालीस?"

"राणी, ऐक. तुम्हीच इकडे आलात तर? बाबा हो म्हणालाय. आजीपण हो म्हणालीय." तिचा आवाज छान, गोड, सवयीचा. "आता तुझंच राहिलंय."



"थांब हं, बाबाला विचारते."

"अगं, नको..."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पळत गेलेली पावलं, आणि लांबून, मोठ्याने: "बाबा!"